यात्रिकाची गुंडाळी : सनद कीं दस्तक ?

जॉन बन्यन याच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या रूपकग्रंथाचा पहिला भाग १६७८ सालीं प्रसिद्ध झाला. १८४१ सालीं हरि केशवजी यांनीं तो ‘यात्रिकक्रमण’ या नांवानें मराठींत आणला. भाषांतराचे गुणदोष हा आमचा विषय नव्हे. मूळ ग्रंथांतील एका गुंडाळीविषयीं मात्र कांहीं लिहावयाचें आहे.

वधस्तंभापाशीं यात्रिकाच्या पाठीवरील ओझें गळून पडतें आणि तेथेंच त्यास मोहोर केलेली एक गुंडाळी मिळते. पुढें टेकडी चढतां चढतां विसाव्याच्या मांडवांत त्याचा डोळा लागतो व गुंडाळी हातांतून निसटते. सिंहांच्या भीतीनें उलट पळत येणारे दोघे भेटतात, तेव्हां धीर यावा म्हणून तो छातीशीं हात नेतो, तों तेथें कांहीं नाहीं. शोक करीत तो मागें जातो, तेव्हां ती बांकाखालीं सांपडते. येथें वाचकानें एवढें पाहावें कीं, गुंडाळी हरवली तरी ओझें पाठीवर परत येत नाहीं. ग्रंथकार हें बोलून दाखवीत नाहीं. पण त्याच्या मताचें मर्म येथेंच आहे. तारण निराळें आणि तारणाची खात्री निराळी. खात्री गेली म्हणून तारण जात नाहीं.

हा वाद त्या शतकांत ताजाच होता. विशेष प्रकटीकरणावांचून ‘मी शेवटपर्यंत टिकेन’ असें कोणीं निःसंशय म्हणूं नये, असें ट्रेंटच्या धर्मसभेनें १५४७ सालीं ठरविलें होतें. उलट डॉर्टच्या सभेनें (१६१८-१९) देवाचे निवडलेले कायमचे पतित होत नाहींत असें प्रतिपादिलें. आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टर मतपत्रिकेनें आपल्या अठराव्या प्रकरणांत, खऱ्या भक्ताचीही खात्री डळमळूं शकते, हें कबूल केलें. कोणास श्रीवैष्णवांचे मर्कटकिशोर व मार्जारकिशोर हे न्याय आठवतील. पण तेथें जीवानें स्वतः कांहीं धरावयाचें कीं नाहीं हा प्रश्न आहे, तरलेल्यास आपण तरलों हें कळतें कीं नाहीं हा नव्हे.

इतकें साधल्यावर बन्यन घोंटाळा करतो. हीच गुंडाळी तो स्वर्गीय नगराच्या वेशीवरील परवानाही ठरवितो. अज्ञान नांवाचा इसम वेशीपर्यंत पोंचतो, छाती चांचपतो, दाखला सांपडत नाहीं, आणि त्यास बांधून नरकाच्या दारांत लोटतात. जुन्या दप्तरांत वावरणाऱ्या वाचकांस भेद सांगावयास नको. सनद जळाली तरी वतन बुडत नसे. नोंद व साक्षी पाहून ती नवी करून मिळे. दस्तक हरवलें तर मात्र माणूस चौकीवर अडे. बन्यननें सनदेचें व दस्तकाचें काम एकाच कागदावर घातलें आहे. मग यात्रिक मांडवाकडे फिरलाच नसता तर ? देव त्यास फिरविल्यावांचून राहता ना, असें डॉर्टचे पंडित म्हणतील. पण रूपक वाचतांना तो एका झोपेपायीं नगरास मुकला असता असेंच वाटतें.

आपण ख्रिस्ताला विकलें, आपली गति एसावाची, या धास्तीनें स्वतः बन्यन कसा पोळला होता तें त्यानें तुरुंगांत असतां, १६६६ च्या आत्मवृत्तांत, लिहून ठेविलें आहे. तेव्हां हा भेद त्याच्या हातून पुसट राहिला याचें नवल नाहीं. परंतु जो भ्यालेला मनुष्य आधारासाठीं हा ग्रंथ उघडील, त्याचा येथें घात होतो. आमच्या मतें त्यानें शेवटच्या नदीचा प्रसंग आधीं वाचावा. तेथें छातीशीं गुंडाळी असूनही यात्रिक बुडूं लागतो, आणि त्याचा आशावंत सोबती त्याचें डोकें पाण्यावर धरून त्यास पलीकडे नेतो.