धड्यातले तण आणि शेतातले तण

शालेय विज्ञानात 'तणनियंत्रण' हा विषय बहुधा अर्ध्या पानात आटोपतो. उदाहरणादाखल एनसीईआरटीचे इयत्ता आठवीचे विज्ञानाचे पुस्तक घेऊ. ते २००८ साली निघाले आणि पुढे पंधराहून अधिक वर्षे देशभर वापरले गेले. पिकांविषयीच्या त्याच्या पहिल्या प्रकरणात तणांबद्दल पुढील मुद्दे येतात : तण पिकाशी पाणी, अन्नद्रव्ये, जागा आणि प्रकाश यांसाठी स्पर्धा करते, पेरणीपूर्व नांगरटीने ते मरते, फुले व बिया येण्यापूर्वी ते काढावे, हाताने उपटावे किंवा जमिनीलगत कापावे, २,४-डी सारखी तणनाशके फवारावीत, त्यांनी पिकाला इजा होत नाही. फवारताना नाकतोंड झाकावे, हेही सांगितले आहे.

मांडणी सुटसुटीत आहे आणि स्पर्धेचा मुद्दा पहिल्यांदा सांगितला आहे, हे चांगलेच. परंतु ही यादी घेऊन वसई तालुक्याच्या पूर्वेकडील, तुंगारेश्वर डोंगराच्या पायथ्याच्या एखाद्या भातखाचरावर गेलो, तर काय दिसते? तण आवरण्याची तिथली सर्वांत मोठी साधने यादीत नाहीतच.

पहिले साधन राब. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून भाजतात. राखेतून अन्नद्रव्ये मिळतात हे खरे. पण वरच्या थरातील तणांच्या बियाही उष्णतेने मरतात, आणि कोवळ्या रोपांना स्वच्छ जमीन मिळते. दुसरे साधन चिखलणी. उगवलेले तण तिने गाडले जाते. तिसरे, खाचरात उभे राहणारे पाणी. त्याखालच्या मातीत प्राणवायू फार थोडा असल्याने बऱ्याच गवताळ तणांचे बी उगवत नाही, उगवले तरी अंकुर पाण्याबाहेर येण्यापूर्वी खुंटतो. चौथे साधन लावणी. एकवीस-पंचवीस दिवसांचे रोप खाचरात येते तेव्हा तणाचे बी अजून मातीत असते. स्पर्धा सुरू होण्याआधीच भात तीन आठवडे पुढे असतो. या चौघांतून जे निसटते, तेवढ्याचीच बेणणी करावी लागते.

म्हणजे तणनियंत्रण हे पीक उभे राहिल्यावर करायचे वेगळे काम नाही. ते शेतीच्या पद्धतीतच गुंफलेले आहे. ही गोष्ट न कळल्यास आजचा बदलही कळत नाही. मजूर मिळत नाहीत म्हणून लावणी सोडून थेट पेरणी केली, की भात आणि तण एकाच वयाचे होतात. चिखलणी टाळली, की गाडले जाणारे तण वर राहते. मग तणनाशक अपरिहार्य होऊ लागते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या 'सगुणा भात तंत्रा'त नांगरणी, चिखलणी, लावणी तिन्ही नाहीत; श्रम वाचतात, मुळे जमिनीत राहून मातीची रचना टिकते; पण तणनाशक हा त्या पद्धतीचा भाग आहे. राबालाही किंमत आहेच : झाडांच्या फांद्या आणि शेतात जाऊ शकणारे शेण त्यात जळते. कोणती किंमत मोजायची हा खरा प्रश्न आहे, आणि पाठ्यपुस्तकातली यादी तो विचारूच देत नाही.

आता यादीतील तीन विधाने तपासू.

'फुलण्यापूर्वी तण काढावे.' पुढच्या वर्षीचे बी रोखायला हे योग्य आहे. चालू पिकासाठी मात्र ते उशिराचे आहे. भाताचे सर्वाधिक नुकसान लावणीनंतरच्या साधारण पहिल्या सहा आठवड्यांतील स्पर्धेने होते. पाखड फुलोऱ्यावर येण्याची वाट पाहिली, तर यातला बराचसा काळ हातचा जातो.

'जमिनीलगत कापावे.' वर्षायू तणांना हे चालेल. लव्हाळ्याचे काय? त्याच्या भूमिगत गाठी साखळीने जोडलेल्या असतात आणि टोकाची गाठ बाकीच्यांची वाढ रोखून धरते. कुदळीने साखळी तुटली, की निजलेल्या गाठीही फुटतात. त्याच गाठी उन्हाळी नांगरटीने वर आणून कडक उन्हात सुकवल्या तर मरतात. म्हणजे अवजाराइतकाच हंगामही महत्त्वाचा.

'तणनाशकाने पिकाला इजा होत नाही.' हे विधान सर्वांत धोक्याचे आहे. २,४-डी हे वनस्पतींतील ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकासारखे वागते. रुंद पानांच्या वनस्पतींची वाढ त्याने वेडीवाकडी होते. गवतवर्गीय पिके बरीचशी वाचतात. भातही चुकीच्या वाढीच्या अवस्थेत फवारले तर बिघडते. भाताच्या बांधापलीकडे काकडी, शिराळी, भेंडी किंवा वांगी असतील, तर वाऱ्यावर गेलेले तुषार त्यांना पुरेसे घातक ठरतात. कपाशी आणि द्राक्षवेल तर या द्रव्याला फारच हळव्या. कोणत्या पिकाला, कोणत्या अवस्थेत, किती मात्रेने, हे सोडून केवळ 'इजा होत नाही' असे शिकलेला विद्यार्थी उद्या पंप पाठीवर घेणार आहे. फवारणीची पहिली माहिती अनेक घरांत शाळेतूनच पोहोचते, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक संधी धडा वाया घालवतो. उत्क्रांती शिकवायला तणासारखा विषय नाही. बेणणी करणारा हात ओळखू येणारे तण उपटतो. भातासारखे दिसणारे निसटते आणि तेच बी टाकते. चीनमधील पाखडवर्गीय तणाच्या जनुकांवरील २०१९ मधील अभ्यासात हे भातरूप सुमारे हजार वर्षांपूर्वी घडू लागल्याचे दिसले. रसायनाचेही तेच. हरियाणात गव्हातील मंडूसी हे तण आयसोप्रोट्युरॉनने वर्षानुवर्षे मारले गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस त्या औषधाला न जुमानणारे तण शेतोशेती आढळले. एकच उपाय पुन्हापुन्हा केला, की तोच निवड करणारा ठरतो, मग तो हात असो की फवारा.

शिक्षकांना हा धडा दुरुस्त करायला पुस्तक बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही. खाचराच्या वरच्या बोटभर थरातली माती आणून नीट मिसळावी आणि तीन घमेल्यांत सारखी वाटावी. पहिलीतली नुसती ओली ठेवावी, दुसरीवर चार-पाच सेंटिमीटर पाणी उभे ठेवावे, तिसरीतली आधी तव्यावर भाजून, थंड झाल्यावर ओली ठेवावी. तीन आठवडे रोज अंकुर मोजावेत. गवताळ, लव्हाळ्यासारखे आणि रुंद पानांचे वेगळे नोंदवावेत. पाण्यात काही अंकुर तरीही आले तर तेही महत्त्वाचे : पाण्याला न भिणारी तणेच खाचरात का टिकली, याचे उत्तर त्यांत आहे. नंतर वर्गातल्या एखाद्या शेतकरी पालकाला हे आकडे दाखवून विचारावे, "तुमच्या खाचरात असेच घडते का?" फरक निघाला, तर त्याचे कारण शोधणे हा पुढचा तास.