‘पोषण-नकाशा’ : एका संज्ञेचे परीक्षण

ड्रोनने टिपलेल्या प्रतिमांवरून फळबागांच्या पोषणस्थितीचे निदान करण्याची पद्धत अलीकडे रूढ होऊ लागली आहे. या प्रतिमांपासून सिद्ध होणाऱ्या रंगीत नकाशास ‘पोषण-नकाशा’ असे म्हटले जाते. ही संज्ञा जे अभिवचन देते ते प्रतिमा पुरे करते काय, याचा विचार विदर्भातील नागपुरी संत्र्याच्या संदर्भात करणे उचित ठरेल.

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते व निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. या दोन परावर्तनांच्या वजाबाकीस त्यांच्याच बेरजेने भागले असता ‘एनडीव्हीआय’ हा निर्देशांक मिळतो. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील गवताळ प्रदेशांची हिरवाई उपग्रहप्रतिमांवरून मोजण्यासाठी तो पुढे आला. हिरवाई किती, एवढेच तो सांगतो. ती का ओसरली, हे सांगत नाही. ड्रोनमुळे ६ × ६ मीटर अंतरावरील प्रत्येक झाड स्वतंत्रपणे पाहता येते, हा लाभ निःसंशय मोठा आहे. तथापि, दृष्टी सूक्ष्म झाल्याने अर्थ आपोआप निश्चित होत नाही.

पिवळेपणा हे अनेकार्थी चिन्ह होय. अनेकार्थी शब्दाचा अर्थ वाक्यातील संदर्भावरून ठरतो. त्याचप्रमाणे पिवळेपणाचा अर्थ पानाच्या वयावरून व फांदीवरील स्थानावरून ठरतो. नत्र व मॅग्नेशियम यांची उणीव प्रथम जुन्या पानांवर उमटते, तर लोह व जस्त यांची कोवळ्या पानांवर. चुनखडीयुक्त जमिनीत ही शेवटची दोन द्रव्ये असूनही झाडास पुरेशी मिळत नाहीत. मूळकूज झाली तरीही पाने पिवळी पडतात. वरून घेतलेल्या प्रतिमेत झाडाच्या घेराचा बाह्य भाग तेवढा दिसतो. आतील जुनी पाने झाकलेली राहतात. अर्थनिश्चितीचा मुख्य आधारच अशा रीतीने निसटतो. लोहाची उणीव असता युरिया घालणाऱ्या बागाईतदाराचा खर्च होतो आणि उणीव तशीच राहते.

‘ताण’ या शब्दाचे उदाहरण याहून बोलके आहे. दूरसंवेदनाच्या परिभाषेत ताण म्हणजे झाडाची विकृत अवस्था. संत्रा-बागाईतदाराच्या बोलीत ‘ताण देणे’ हे बहार धरण्याचे कौशल्य होय. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात व मृग बहारासाठी उन्हाळ्यात पाणी तोडून झाडास विश्रांती दिली जाते. पुढे पाणी मिळताच फूल येते. ताणावर असलेले हे मलूल झाड नकाशावर आजारी ठरते. नकाशावर विसंबून मध्येच पाणी सोडल्यास फुलांऐवजी पालवी फुटण्याचा व हातचा बहार जाण्याचा संभव असतो. एकाच शब्दाने एकीकडे रोगाचे लक्षण, तर दुसरीकडे पिकाचे साधन सूचित होते.

पर्णपृथक्करणातून मिळालेली मूल्ये प्रतिमांशी जोडून नत्रादी द्रव्यांचे अनुमान करता येते, असा प्रतिवाद होऊ शकेल. तो अंशतः ग्राह्य आहे. परंतु असे अनुमान ज्या बागा व जो ऋतू यांवरून बांधले गेले, त्यांबाहेर ते पुन्हा पडताळून घ्यावे लागते. कोणती झाडे प्रथम पाहावीत हे ड्रोन थोड्या वेळात दाखवितो. कशाचे न्यून आहे हे पान व माती यांच्या पृथक्करणाने आणि बहाराच्या नोंदींनी ठरते. म्हणून या प्रतिमेस ‘हरितता-नकाशा’ म्हणणेच यथार्थ होईल. शास्त्रीय संज्ञेने ज्ञानाची मर्यादा दर्शविली पाहिजे. येथे तर त्या मर्यादेशी बागाईतदाराचे वर्षभराचे उत्पन्न निगडित आहे.