‘ग्राफोगेम’ आणि वाचनारंभ

अक्षर आणि ध्वनी यांचा संबंध जोडून वाचन शिकविणारी विनामूल्य साधने आंतरजालावर आज विपुल आहेत. जे फुकट मिळते त्याची चिकित्सा करू नये, असा काही संकेत त्यांच्या बाबतीत रूढ झाला आहे की काय, नकळे. फिनलंडमध्ये ‘एकापेली’ या नावाने विनामूल्य मिळणारा आणि अन्यत्र ‘ग्राफोगेम’ म्हणून परिचित असलेला खेळ मात्र चिकित्सेस पात्र आहे. कारण त्याच्यामागे युवास्क्युला विद्यापीठातील हेइक्की ल्यूतिनेन यांच्यासारख्यांचे गंभीर संशोधन आहे.

मूल एक ध्वनी ऐकते आणि पडद्यावर उतरणाऱ्या अक्षरांतून त्याचे अक्षर निवडते. त्याच्या गतीप्रमाणे खेळ सोपा वा कठीण होतो. फिनिशमध्ये एका अक्षराला प्रायः एकच ध्वनी असल्यामुळे ही योजना तेथे शोभते. इंग्रजीत अक्षरांचा असा भरवसा नाही. म्हणून उषा गोस्वामी यांच्या विचारांना अनुसरून केंब्रिजमध्ये सिद्ध झालेल्या आवृत्तीत ‘लाइट’, ‘नाइट’, ‘फाइट’ यांतील समान अंत्य भाग हे एकक मानले गेले. तर्क बिनतोड होता. तथापि इंग्लंडमधील एज्युकेशन एंडोवमेंट फाउंडेशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात, हा खेळ खेळलेल्या मुलांची वाचनात वा शुद्धलेखनात इतरांहून अधिक प्रगती झाल्याचे दिसले नाही. २०२० मध्ये मॅकटिग व सहकाऱ्यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हाही शब्दवाचनावरील सरासरी परिणाम शून्यवतच निघाला. मात्र जेथे मोठ्या माणसाचा सहभाग अधिक होता, तेथे तो अनुकूल होता.

ही तुलना भिन्न प्रयोगांमधील असल्याने तिला निर्णायक प्रमाण मानता येणार नाही. पण तिचे कारण खेळाच्या रचनेतच असावे, असे मला वाटते. येथे मूल ऐकते आणि निवडते, उच्चारीत नाही. उच्चारलेच, तरी ते ऐकून घेणारे कोणी नसते. वाचन म्हणजे सुटे ध्वनी स्वतःच्या मुखाने सांधणे, आणि नेमका तोच सांधा येथे मोकळा राहतो.

या रचनेची मराठी आवृत्ती करू पाहणाऱ्याने आपली लिपी ध्वनिनिष्ठ आहे या अभिमानावर फार विसंबू नये. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांत लिहिलेला ज एकच. उच्चार मात्र एकीकडे तालव्य, दुसरीकडे दंततालव्य. कोणता घ्यावा हे वाक्य सांगते, अक्षर नव्हे. शिवाय ‘घ’ आणि ‘र’ ही अक्षरे अचूक निवडणारे मूल ‘घर’ वाचताना शेवटचा अकार पूर्ण उच्चारून अडखळते. शेजारी बसलेली आई तो शब्द एकदा सहज म्हणून दाखवते, तेव्हा मूल पुढच्या शब्दाकडे वळते. खेळ मात्र दोन्ही निवडींना पूर्ण गुण देऊन केव्हाच पुढे गेलेला असतो.