कृष्ण मेनन आणि उपनगरांचा कौल

राजकारणी पुरुषांची चरित्रे आपल्याकडे बहुधा भक्तांच्या तरी हातून लिहिली जातात किंवा वैऱ्यांच्या तरी. श्री. जयराम रमेश यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेले व्ही. के. कृष्ण मेनन यांचे इंग्रजी चरित्र, 'अ चेकर्ड ब्रिलियन्स', या दोहोंपैकी कोणत्याच वर्गात घालता येत नाही; आणि सातशेंहून अधिक पृष्ठांचा हा ग्रंथ हाती घेतल्यावर वाचकास पहिला दिलासा मिळतो तो याच गोष्टीचा. ग्रंथकार स्वतः काँग्रेसचे पुढारी व माजी केंद्रीय मंत्री. तरीही नेहरूंच्या या अत्यंत वादग्रस्त सहकाऱ्याची वकिली त्यांनी केलेली नाही. पत्रे, टिपणे, सरकारी कागद यांचा मोठा ढीग त्यांनी उपसला, तो कालक्रमाने लावला, आणि बहुतेक ठिकाणी कागदांसच बोलू दिले. ही पद्धती प्रामाणिक आहे यात शंका नाही. परंतु कागद बोलतात ते ज्यांनी ते लिहिले त्यांच्या प्रश्नांविषयी. आपणांस जे विचारावयाचे असते ते विचारण्याचे काम चरित्रकाराचेच असते. ग्रंथ मिटल्यावर आमच्या मनात जो असंतोष उरला तो यामुळे.

हा असंतोष मुलुंडच्या रहिवाशास विशेष जाणवावा यास कारण आहे. मेनन हे मलबारातले, त्यांची कर्मभूमी लंडन, आणि कीर्ती झाली ती न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात. परंतु लोकसभेत ते प्रथम गेले ते १९५७ साली उत्तर मुंबईतून, म्हणजे आपल्या या उपनगरांच्या मतांवर. त्या वर्षी संयुक्त महाराष्ट्राची लाट ऐन भरात होती आणि काँग्रेसचे भले भले उमेदवार तीत वाहून गेले; मेनन काँग्रेसचे असूनही तरले. १९६२ साली ते येथूनच पुन्हा निवडून आले. १९६७ साली मात्र नव्याने झालेल्या ईशान्य मुंबई मतदारसंघाने त्यांस एकाच वर्षात दोनदा नाकारले. आमचे मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले, आणि आज ते याच नावाच्या मतदारसंघात मोडते. एका परदेशस्थ, साम्यवादी म्हणून बदनाम, लष्करी करारांच्या कट्टर विरोधकाचा न्याय अशा रीतीने शेवटी लोकलच्या डब्यांतून कचेरीस जाणाऱ्या कारकुनांनी व गिरण्याकारखान्यांतल्या कामगारांनी केला. तो न्याय कितपत योग्य प्रश्नांवर झाला हे पाहणे म्हणूनच अगत्याचे वाटते.

प्रथम त्या परदेशी संबंधांविषयी. मेनन १९२४ साली विलायतेस गेले आणि काही महिन्यांचा मुक्काम अठ्ठावीस वर्षांचा झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हॅरॉल्ड लास्की यांचे शिष्यत्व, इंडिया लीगचे चिटणीसपद, हिंदुस्थानातील दडपशाहीची चौकशी करणाऱ्या १९३२ च्या शिष्टमंडळाची खटपट, नेहरूंचे आत्मचरित्र लंडनच्या प्रकाशकाकडून बाहेर काढण्याची धडपड, ॲलन लेन यांच्याबरोबर पेलिकन ग्रंथमालेचे संपादन, आणि या सर्वांबरोबर सेंट पँक्रस या लंडनच्या विभागाच्या नगरसभेत १९३४ पासून १९४७ पर्यंत सभासदत्व. चहा आणि बिस्किटे यांवर दिवस काढून, बऱ्याच अंशी प्रकृतीची आबाळ करून हा मनुष्य दुसऱ्यांच्या देशात आपल्या देशासाठी भांडत होता आणि त्याच वेळी त्या दुसऱ्या देशातील गल्लीबोळांची वाचनालये व निवाऱ्यांची व्यवस्थाही पाहत होता. सेंट पँक्रसने त्यांस १९५५ साली आपले सन्माननीय नागरिकत्व दिले. तो मान त्यापूर्वी तेथे बर्नार्ड शॉ यांस मिळाला होता. ग्रंथातील हा भाग अतिशय वाचनीय आहे. इतका की, पुढल्या दिल्लीच्या प्रकरणांत शिरताना वाचकास थोडे दुःखच होते.

परंतु ज्या माणसाचे दोन देशांशी नाते असते त्यावर दोन्हीकडून पहारा बसतो. ब्रिटिश गुप्तहेर खात्याने मेनन यांच्या हालचालींची दफ्तरे वर्षानुवर्षे राखली. ती दफ्तरे आता लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कोणासही पाहता येतात. मजूर पक्षाने त्यांस डंडी या शहरातून पार्लमेंटसाठी उभे करण्याचे ठरविले होते, तो बेत १९४० साली साम्यवाद्यांशी असलेल्या जवळिकीच्या संशयावरून मोडला, आणि मेनन यांनी रागावून पक्षच सोडला. १९४४ साली ते परतले. स्वातंत्र्यानंतर ते लंडनमधील पहिले उच्चायुक्त झाले तेव्हाही तो संशय सुटला नाही. आणि मौज अशी की, त्याच काळात स्वदेशात साम्यवाद्यांचा आक्षेप नेमका उलट होता: हिंदुस्थान प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहिला, आणि १९४९ च्या लंडन जाहीरनाम्याची ती युक्तीची शब्दरचना घडविण्यात मेनन यांचा मोठा हात होता. म्हणजे इंग्रजांस ते मॉस्कोचे वाटत, आणि मॉस्कोकडे पाहणाऱ्यांस लंडनचे.

ग्रंथकारांनी ही दफ्तरे पुष्कळ चाळली आहेत, आणि येथेच आमचे त्यांच्याशी जमत नाही. 'हा मनुष्य कोणाचा?' हा हेरांचा प्रश्न आहे. त्यांच्या कागदांत राहून राहून चरित्रालाही तोच प्रश्न चिकटला आहे. उत्तर तर साधे आहे व ग्रंथातील पुराव्यावरूनच निघते: मेनन नेहरूंचे होते, आणि नेहरूंखेरीज कोणाचेच नव्हते. महत्त्वाचा प्रश्न निराळा. लष्करी करारांविषयी त्यांचे जे मत होते त्याची किंमत काय होती, आणि ती त्यांनी देशास आगाऊ सांगितली होती काय?

ते मत पोरकट नव्हते. १९५४ च्या मे महिन्यात पाकिस्तानने अमेरिकेशी शस्त्रसाहाय्याचा करार केला. त्याच वर्षी आग्नेय आशियाचा 'सीटो' करार झाला, आणि १९५५ साली बगदाद करार. ज्यांची भांडणे आपली नव्हेत अशा दोन महासत्तांचे वैर या करारांनी आपल्या उंबरठ्याशी आणून ठेवले, हे मेनन यांचे म्हणणे होते, आणि काश्मीरच्या संदर्भात ते अक्षरशः खरे ठरले. जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा समितीपुढे त्यांनी दोन दिवस मिळून सुमारे आठ तास केलेले भाषण पुष्कळांस ठाऊक असते. त्यानंतर महिनाभरात रशियाने नकाराधिकार वापरला तेव्हा ठराव अडला, ही गोष्ट मात्र आपण हळू आवाजात सांगतो. करार नको, पण नकाराधिकार हवा. हिंदुस्थानची ती गरज होती, तीत लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु तटस्थतेच्या तत्त्वज्ञानात तिला जागा कोठे हे मेनन यांनी कधी सांगितले नाही. त्याआधी नोव्हेंबर १९५६ मध्ये सुएझवरील हल्ल्याचा निषेध करताना ज्यांच्या जिभेला धार होती, त्यांचीच जीभ हंगेरीत रशियन रणगाडे शिरले तेव्हा अडखळली, आणि हंगेरीतील निवडणुकांसंबंधीच्या ठरावाविरुद्ध हिंदुस्थानचे मत सोव्हिएट गटाबरोबर पडले. मॉस्कोचा हस्तक म्हणून त्यांनी हे केले असे आम्हांस वाटत नाही. पश्चिमेचा ढोंगीपणा त्यांनी आयुष्यभर जवळून पाहिला होता, पूर्वेचा दुरून. विलायतेतील वास्तव्याचा खरा परिणाम शोधावयाचा तर तो येथे आहे, कोणत्याही गुप्त सभेच्या हजेरीपटात नव्हे.

१९६२ ची उत्तर मुंबईची निवडणूक ही या साऱ्याची जाहीर तपासणी व्हावयास हवी होती. प्रतिपक्षी होते आचार्य कृपलानी: वय त्र्याहत्तर, काँग्रेसचे माजी अध्यक्ष. एप्रिल १९६१ मध्ये लोकसभेत त्यांनी संरक्षणमंत्र्यांवर सैन्यात गटबाजी माजविल्याचा व सैन्याचे मनोधैर्य खचविल्याचा घणाघाती आरोप केला होता. त्याआधी १९५९ साली सरसेनापती थिमय्या यांनी राजीनामा देऊन तो नेहरूंच्या भिडेस्तव परत घेतल्याचे प्रकरण ताजे होते; लोंगजू व कोंगका खिंडीतील चिनी गोळीबारही त्याच वर्षीचा. अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाने मेनन यांस मुखपृष्ठावर आणले. आचार्य अत्रे यांचा 'मराठा' त्यांच्या बाजूने गर्जला. साम्यवादी त्यांच्यासाठी दारोदार फिरले, आणि स्वतंत्र पक्ष, जनसंघ व प्रजासमाजवादी कृपलानींमागे उभे राहिले. मुंबई विद्यापीठातील डॉ. आलू दस्तूर यांनी पुढे या एका निवडणुकीवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, इतका तिचा गाजावाजा झाला. निकाल मेनन यांच्या बाजूने लागला, सुमारे एक लाख पंचेचाळीस हजारांच्या मताधिक्याने.

परंतु तपासणी झाली काय? दोनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता, आणि मुंबईच्या मराठी व गोमंतकीय घरांत त्याचा आनंद ओसरला नव्हता. नेहरूंनी आपली सारी पुण्याई मेनन यांच्या पारड्यात टाकली. मत पडले ते गोव्याच्या विजयाला व नेहरूंच्या शब्दाला. विरोधकांनीही 'साम्यवादी, साम्यवादी' असा धोशा लावून मुख्य मुद्दा वाऱ्यावर सोडला. तो मुद्दा कोणी व्यासपीठावर मांडला असता तर असा: 'महाराज, आपण कोणाशी लष्करी करार करणार नाही हे ठीक, मग उत्तर सीमेवर एकट्याने लढण्याची तयारी कोठवर आली आहे?' आठ महिन्यांनी चीनने हा प्रश्न विचारला.

पुढले सर्वश्रुत आहे, पण एक गोष्ट पुन्हा सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस नेहरूंनी अमेरिकेकडे शस्त्रे मागितली. ३१ ऑक्टोबरला मेनन यांचे संरक्षण खाते गेले, आठवड्याभरात मंत्रिपदही. आणि १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अध्यक्ष केनेडी यांस पत्रे धाडून अमेरिकन लढाऊ विमानांची बारा पथके आपल्या आकाशाच्या रक्षणार्थ मागितली. ही पत्रे बरीच वर्षे गुप्त राहिली. दोन दिवसांत चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली म्हणून ती विमाने आली नाहीत, इतकेच. ज्या तत्त्वासाठी मेनन यांनी दहा वर्षे जगाचा रोष पत्करला ते त्यांच्या परमेश्वरानेच एका रात्रीत बाजूस ठेवले.

म्हणून तत्त्व खोटे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. करार न करणाऱ्याने स्वतःची शस्त्रे स्वतः घडवावी लागतात, हे मेनन यांस त्यांच्या टीकाकारांहून अधिक उमगले होते. १९५८ साली संरक्षण संशोधन संघटना स्थापन झाली. जबलपूरला लष्करी मालमोटारी आणि कानपूरला ॲव्हरो विमाने बनू लागली. मिग विमानांचा रशियाशी झालेला सौदा त्यांच्याच काळचा. आणि १९६१ च्या जूनमध्ये आपल्या साताऱ्यास निघालेली सैनिक शाळा ही त्यांच्याच योजनेचे फळ. चूक होती ती वेळेच्या हिशेबात आणि माणसांच्या वागणुकीत. कारखाना उभा राहण्यास दहा वर्षे लागतात. तोपर्यंत सीमेवरील शिपायास लोकरी कपडे व बंदूक कोठूनतरी आणून द्यावी लागते. शत्रू पाकिस्तानच, चीन लढणार नाही, हे गृहीत इतके पक्के होते की ती तातडी त्यांस भासलीच नाही. पैशासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्याशी त्यांचे खटके उडत हे खरे, आणि मेनन यांच्या बाजूने ते अवश्य नोंदवावे. पण ज्याने एका हाताने सेनापतींचा पाणउतारा केला त्याच्या दुसऱ्या हातातील मागणीपत्राला वजन कसे येणार? एवढी बुद्धी असून इतकी तुसडी जीभ, हा ग्रंथनामातील 'चेकर्ड' शब्दाचा अर्थ असेल तर नाव सार्थ आहे. परंतु गुण व दोष यांची चौकटी-चौकटीने मांडणी करून ग्रंथकार थांबतात. कोणत्या दोषाने कोणता गुण मारला हे सांगत नाहीत. त्यापेक्षा मायकेल ब्रेचर या कॅनेडियन प्राध्यापकाने १९६४-६५ मध्ये घेतलेल्या मेनन यांच्या मुलाखतींचा १९६८ चा ग्रंथ लहान असूनही अधिक उपयोगी पडतो, कारण तेथे प्रश्न विचारणारा समोर बसलेला आहे.

आता १९६७. काँग्रेसने मेनन यांस मुंबईतून उमेदवारी नाकारली, कारण ते येथले नव्हत. दहा वर्षे येथले प्रतिनिधित्व केल्यावर हा शोध लागला! मेनन पक्ष सोडून अपक्ष उभे राहिले. समोर होते श्री. स. गो. बर्वे. ते कर्तबगार गृहस्थ होते आणि १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरण्याचे त्यांचे काम पुणेकर विसरले नाहीत. ते इंग्रजी अमदानीतील आय.सी.एस. होते, ही गोष्ट 'परदेशी संबंध' या सदरात कोणी मोजली नाही, आणि मोजू नये तेच योग्य. आदल्याच वर्षी, जून १९६६ मध्ये, स्थापन झालेल्या शिवसेनेने मेनन यांच्याविरुद्ध आपले पहिले निवडणुकीचे बळ वापरले; तिचा आक्षेप ना नेफाविषयी होता, ना मॉस्कोविषयी. तो जन्मभूमीविषयी होता. मेनन सुमारे तेरा हजार मतांनी पडले. बर्वे लवकरच निवर्तले, पोटनिवडणूक झाली, आणि त्यांच्या भगिनी श्रीमती तारा सप्रे यांनीही मेनन यांस हरविले. त्याच १९६७ साली, याच शहराच्या दक्षिण टोकास, मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांस पाडले होते, तेव्हा 'परक्या'ची व्याख्या मुंबईत स्टेशनागणिक बदलत असावी.

डंडीच्या पक्षधुरीणांनी मेनन यांस संशयावरून वगळले, मुंबईच्या पक्षधुरीणांनी जन्मस्थानावरून. १९६२ च्या पराजयाचा जाब मतपेटीतून त्यांस विचारण्याची एकच संधी आली होती, ती ही. पंजाब-मलबार, मराठी-मद्रासी या गलबल्यात तीही गेली. मेनन पुढे १९६९ साली बंगालमधील मिदनापूरहून व १९७१ साली त्रिवेंद्रमहून लोकसभेत गेले, आणि ६ ऑक्टोबर १९७४ रोजी वारले. दोन्हीकडे त्यांस निवडून देणाऱ्यांनीही त्यांस सीमेविषयी काही विचारले असेल असे वाटत नाही.

त्यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले ते यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्याकडे रूढ झाले आणि ते म्हणताना आजही आपली छाती फुगते. मेनन यांच्या काळी ठरलेल्या मिग विमानांचा कारखाना १९६४ साली निघाला तो नाशिकजवळ ओझर येथे, सह्याद्रीच्याच कुशीत. १९६७ च्या फेब्रुवारीत, उपनगरांत 'बाहेरचा माणूस' म्हणून मेनन यांच्याविरुद्ध भिंती रंगत होत्या, तेव्हा तो तीन वर्षांचा झाला होता.