पुण्यांतील पायीं फेऱ्या व त्यांचीं साधनें

गेल्या कांहीं वर्षांत पुण्यांत एक नवी चाल रूढ झाली आहे. रविवारीं सकाळीं दहापंधरा मंडळी शनिवारवाड्यापुढील पटांगणांत जमतात, एक माहितगार गृहस्थ पुढें होतो, आणि दोन-अडीच तासांत कसब्यापासून तुळशीबागेपर्यंतचें जुनें पुणें पायाखालीं घालून मंडळी आपापल्या घरीं जातात. अशा फेऱ्या आम्हीं अनेक पाहिल्या. कांहीं स्वतः आंखल्या व चालविल्या. आपलें गांव दुसऱ्यास दाखविण्याची ही हौस मात्र नवी नव्हे. ना. वि. जोशी यांनीं १८६८ सालीं ‘पुणे शहराचें वर्णन’ प्रसिद्ध केलें, व रावबहादुर पारसनीसांनीं १९२१ मध्यें जुन्या पुण्यावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, तेव्हां हेंच काम कागदावर झालें होतें. फरक इतकाच कीं, छापील विधान केव्हांहि ताडून पाहतां येतें. रस्त्यांत उच्चारलेलें विधान वाऱ्यावर जातें, आणि तरीहि ऐकणाराच्या मनांत घर करून राहतें. म्हणूनच या फेऱ्यांचें परीक्षण करणें हें संशोधकांचेंच काम आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम आमचीच चूक सांगतों. पहिल्या फेरींत लाल महालापुढें उभे राहून आम्हीं ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा प्रसंग रंगवून सांगितला. शाएस्तेखानाची छावणी, महाराजांचा शिरकाव, खानाचीं तुटलेलीं बोटें, सर्व झालें. तेव्हां एका लहान मुलीनें समोर बोट दाखवून विचारलें, “मग ती खिडकी यांतली कोणती ?” आम्ही निरुत्तर झालों. प्रसंग ऐतिहासिक, परिसरहि तोच. पण समोर उभी असलेली वास्तु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महानगरपालिकेनें नव्यानें उभारलेली. आम्हीं एकहि खोटें वाक्य बोललों नव्हतों, तथापि ऐकणारे खोटी समजूत घेऊन घरीं जाणार होते. या पत्राच्या वाचकांच्या भाषेंत सांगावयाचें तर नक्कल आम्हीं असल म्हणून पुढें केली होती. पोथींत प्रक्षेप लेखणीनें होतो. फेरींत तो नुसत्या मौनानेंहि होतो, हा धडा आम्हांस त्या दिवशीं मिळाला.

शनिवारवाड्यापाशीं हाच दोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. आरंभींचा खर्च १६,११० रुपये झाल्याची नोंद प्रसिद्ध आहे. १८२८ च्या आगींत आंतील बहुतेक इमारती जळाल्या. आज प्रेक्षकासमोर असतात ते तट व बुरूज, दिल्ली दरवाजा, त्यावरील नगारखाना, आणि आंत उकरून काढलेलीं जोतीं व कारंज्यांचे अवशेष. म्हणजे येथें दाखवावयाचें तें मुख्यत्वें जोत्यांवरून वाचावयाचें आहे. परंतु आम्हीं पाहिलेल्या फेऱ्यांपैकीं फारच थोड्यांत मंडळींस जोत्याजवळ उभें करून दालनाची लांबीरुंदी पावलांनीं मोजावयास लावलें. बाकीच्यांत सर्व वेळ एकाच गोष्टीवर जातो. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं याच वाड्यांत झाला, हें विधान निर्विवाद आहे. ‘ध’ चा ‘मा’ झाला, ही परंपरा आहे. तो मूळ कागद आम्हांस कोणी दाखविलेला नाहीं. पौर्णिमेच्या रात्रीं हांक ऐकूं येते, ही निव्वळ करमणूक आहे. या तीन वेगळ्या दर्जाच्या गोष्टी एकाच सुरांत, एकाच दमांत सांगितल्या जातात, हा आमचा मुख्य आक्षेप. दुःखाची गोष्ट ही कीं, त्या भुताच्या हांकेंत खरा इतिहास बुडून जातो. गारद्यांच्या थकलेल्या पगारापासून रामशास्त्र्यांच्या निर्णयापर्यंत, आणि तेथून १७७५ च्या सुरतेच्या तहापर्यंत जी कारणपरंपरा गेली, ती कोणत्याहि भुतापेक्षां अधिक भयंकर आहे.

दुसरा आक्षेप मार्गाविषयीं. या फेऱ्या वाड्यावरून वाड्यावर व देवळावरून देवळावर उड्या घेतात. शहर कशावर जगलें हें त्यांत येत नाहीं. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, इ. स. १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावांतून बांधीव नळानें शहरांत पाणी आणलें गेलें. दक्षिणेकडील उंचवट्यावरून केवळ उतारानें तें पाणी वाड्यापर्यंत व वाटेंतील हौदांपर्यंत पोंचे, आणि नळांतील कोंडलेली हवा सुटावी म्हणून ठिकठिकाणीं उच्छ्वास बांधलेले असत. बदामी हौद, फडके हौद हीं नांवें लोकांच्या तोंडीं आजहि आहेत. ज्या शहरास नदी लागून होती त्यानें दूरच्या टेंकडीखालून पाणी कां आणावें, हा एक प्रश्न विचारला तरी ऐकणारा पेठांच्या वाढीविषयीं स्वतः विचार करूं लागतो. पेठांच्या नांवांचेंहि असेंच आहे. शनिवार पेठ म्हणजे पूर्वींचें मुर्तजाबाद, रविवार पेठ म्हणजे मलकापूर. वार मागून आले. हें सांगण्यास कोणतीहि इमारत शिल्लक असावी लागत नाहीं.

यावर आक्षेप येईल कीं, असली फेरी रुक्ष होईल व मंडळी दुसऱ्या रविवारीं येणार नाहींत. आमचा अनुभव तसा नाहीं. परंपरा गाळा असें आम्ही म्हणत नाहीं. ती परंपरा म्हणून सांगा, व ती कशी वाढली हेंहि सांगा. “हें कागदावरून”, “हें बखरींतून”, “हें ऐकीव”, असे तीन शब्दप्रयोग आम्ही प्रत्येक फेरीच्या आरंभीं समजावून देतों. अर्ध्या तासांत मंडळी स्वतःच विचारूं लागतात, “हें तिहींपैकीं कोणतें ?” हा प्रश्न ज्या फेरींत निघाला ती सफल झाली असें आम्ही मानतों.

या सर्वांत केवळ शब्दशुद्धीचा प्रश्न असता तर हा लेख लिहिला नसता. एका फेरींत कसब्यांतील एका जुन्या वाड्यापुढें आम्हीं, पूर्वीं ऐकलें होतें त्याप्रमाणें, तो अमुक सरदाराचा असें सांगितलें. फेरी संपल्यावर तेथील वृद्ध यजमानांनीं आम्हांस थांबविलें व शांतपणें म्हणाले, “वाडा आमच्या पूर्वजांनीं विकत घेतलेला. सरदार कोण आणलात ?” त्यांनीं माडीवरून एक रुमाल आणून सोडला. वर मोडी खरेदीखत होतें. खालीं हिशेबाचे बंद व कांहीं खासगी पत्रें दिसलीं. वेळ नव्हता म्हणून आम्हीं खरेदीखतावर नजर टाकली आणि “पुन्हां येतों” म्हणून निघालों. चार महिन्यांनीं गेलों तेव्हां वाडा पाडला जात होता, यजमान परगांवीं गेले होते, आणि रुमाल रद्दींत गेल्याचें शेजाऱ्यांनीं सांगितलें. एक खोटी दंतकथा आम्हीं त्या दारापुढें सांगितली, आणि त्याच दाराआड असलेलें खरें साधन आमच्याच आळसानें गेलें. याचा दोष आम्ही दुसऱ्या कोणावर ठेवूं शकत नाहीं.

यावरून आमच्या मतें फेरीचें खरें मोल दाखविण्यापेक्षां ऐकण्यांत आहे. ज्या गल्ल्यांतून आपण दर आठवड्यास जातों तेथील वाडे एकामागून एक पडत आहेत, व त्यांबरोबर दप्तरेंहि जात आहेत. फेरी चालविणारा हा त्या दारापुढें वारंवार उभा राहणारा बहुधा शेवटचा जिज्ञासु ठरेल. म्हणून प्रत्येकानें आपलें टिपण लेखी करावें, प्रत्येक विधानापुढें त्याचा आधार मांडावा, चूक कळल्यास तारखेसह दुरुस्त करावी, आणि वाटेंत कागदांची नुसती चाहूल लागली तरी त्याच आठवड्यांत यादी करून छायाचित्रें घ्यावींत. संग्राहक वाचकांनीं वर्षांतून एकदां तरी अशा फेरींत सामील व्हावें, आणि बोलणारा चुकला तर तेथेंच त्यास थांबवावें. आम्हांस त्या यजमानांनीं थांबविलें, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहों. तें ऋण फेडण्यास आम्हांस उशीर झाला, एवढीच खंत आहे.