मांडणी आणि सजावट : व्यापारी जागेच्या अंतर्रचनेचे मूल्य

दुकान, उपाहारगृह किंवा कचेरी यांच्या अंतर्भागावर होणारा खर्च आपल्याकडे बहुधा ‘सजावट’ या सदराखाली लिहिला जातो. शब्द वरवर निरुपद्रवी आहे. परंतु त्याने एक गैरसमज रूढ केला आहे. सजावट म्हणजे वस्तू सिद्ध झाल्यावर तिच्यावर चढविलेला साज. तो उतरविला तरी वस्तू कायम राहते. यावरून अंतर्रचना हे धंद्याचे अंग नसून धंदा बरा चालल्यावर पुरवावयाची हौस आहे, अशी व्यापाऱ्याची समजूत होते. प्रस्तुत टिपणाचे प्रतिपाद्य असे की, या खर्चाचे व्यापारी मूल्य शोभेत नसून रचनेत असते, आणि त्यासाठी मराठीत अधिक नेमका शब्द आधीच आहे. तो म्हणजे ‘मांडणी’.

‘मांडणे’ या क्रियापदाचे नाते संस्कृत मण्ड् धातूशी आहे. संस्कृतात मण्डन म्हणजे अलंकरण. मराठीत मात्र या शब्दाचा अर्थ लक्षणीय रीतीने पालटला. आपण डाव मांडतो, हिशेब मांडतो, संसार मांडतो, आपले म्हणणे मांडतो. या सर्व प्रयोगांत शोभेचा अंश लोपला असून घटकांचे परस्परसंबंध ठरविणे एवढाच अर्थ उरला आहे. स्वयंपाकघरातील भांड्यांच्या फळ्यांनाही आपण मांडणीच म्हणतो. तिथे कोणते भांडे कोठे हे हाताच्या सोयीने ठरते. ‘दुकान थाटणे’ आणि ‘दुकान मांडणे’ हे दोन्ही प्रयोग मराठीत आहेत; पहिल्यात थाट आहे, दुसऱ्यात व्यवस्था. खुद्द ‘दुकान’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द मुळात माल मांडण्याच्या ओट्याचा वाचक होता, आणि ‘बँक’ या शब्दाच्या मुळाशी इटालियन सराफाचे बाक आहे. म्हणजे बैठकीच्या साधनावरूनच धंद्याला नाव मिळाले.

‘मूल्य’ या संज्ञेचाही येथे विचार केला पाहिजे. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानग्रंथात भाषिक चिन्हाचे मूल्य स्पष्ट करताना नाण्याचा आणि बुद्धिबळातील मोहऱ्याचा दाखला घेतला आहे. मोहरे लाकडाचे आहे की हस्तिदंताचे याला खेळात महत्त्व नाही. इतर मोहऱ्यांशी त्याचे जे नाते असते त्यावर त्याचे मूल्य ठरते. हाच निकष अंतर्रचनेला लावला, तर खुर्ची किती किमतीची हा प्रश्न गौण ठरतो. ती मेज, गल्ला, दार आणि गिऱ्हाईक यांच्याशी कोणत्या नात्याने उभी आहे, हा प्रश्न मुख्य होतो.

मुंबईतील इराणी उपाहारगृह हे याचे उत्तम उदाहरण होय. धोबीतलावावरील कयानी (१९०४) किंवा बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) या परंपरेतील आहेत. अनेक इराणी उपाहारगृहे इमारतीच्या कोपऱ्यावर उभी राहिली. इतर व्यापाऱ्यांना ती जागा अशुभ वाटे, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, कोपऱ्यामुळे दोन रस्त्यांचा उजेड, वारा आणि गिऱ्हाईक एकाच खोलीत येई. आत संगमरवरी मेजे. मेजावर कापड नाही, म्हणून धुलाईही नाही. एक फडके फिरले की मेज पुढच्या माणसासाठी तयार. भिंतीवरील आरसे जागा रुंद भासवीत आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाला न उठता सारी खोली दाखवीत. गल्ल्यापाशी बिस्किटांच्या बरण्या. पैसे देताना नजर तेथेच जाई.

खुर्च्या वाकविलेल्या लाकडाच्या, हलक्या. या वळणाची मूळ खुर्ची, म्हणजे मिखाएल टोनेट यांची १४ क्रमांकाची खुर्ची, १८५९ साली सिद्ध झाली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढीच तिची सामग्री. सुटे केलेले ३६ नग एका घनमीटर खोक्यात मावत. तिच्या आकारातील सौंदर्य काटकसरीतून आले आहे. चहाच्या एका पेल्यावरचा नफा अल्प असल्याने एका खुर्चीवर दिवसात किती माणसे बसतात यावर सारा हिशेब अवलंबून असे. येथील कोणतीही वस्तू या हिशेबाबाहेरची नव्हती. ‘कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसू’ या बोलीतील वाक्यात मालक आणि जागा एकरूप झाली आहेत, ही त्या मांडणीला भाषेने दिलेली पावतीच म्हणावी लागेल.

२०१० साली लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘दिशूम’ने हीच रूपे उचलली. तेथे मात्र त्यांचे कार्य बदलले. लंडनमधील इतर भारतीय उपाहारगृहांच्या शेजारी ती वेगळी दिसतात आणि एका शहराची आठवण विकतात. हेही व्यापारी मूल्यच आहे; पण त्याचा उगम वेगळ्या संबंधांत आहे. हा भेद न ओळखता केवळ जुन्या धाटणीच्या खुर्च्या आणून मांडणाऱ्याच्या हाती साज तेवढा लागतो.

उलट उदाहरण ‘बिग बझार’चे. २००१ साली ही साखळी सुरू करणारे किशोर बियाणी यांनी दुकानातील दाटी आणि गलबला हेतुतः राखला. रुंद, शांत, चकचकीत वाटांपेक्षा बाजाराची गर्दी आणि हात घालून पाहता येणारे सुटे धान्य येथील गिऱ्हाइकाला आपलेसे वाटते, हा त्यामागील विचार होता. सजावटीच्या दृष्टीने ते दुकान अव्यवस्थित. मांडणीच्या दृष्टीने पूर्ण विचारान्ती रचलेले.

तथापि मांडणीच्या सामर्थ्याला मर्यादा आहेत. कर्जाच्या ओझ्याखाली ‘बिग बझार’ २०२२ साली बंद पडला. इराण्यांची उपाहारगृहेही आता मोजकी उरली आहेत. त्यांच्या खुर्च्यांचा त्यात दोष नाही. जागेची किंमत चहाच्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे गेली आणि पुढच्या पिढीने अन्य व्यवसाय धरले. अंतर्रचना धंद्याला साहाय्य करते. धंद्याची जागा ती घेऊ शकत नाही.

भाषाशास्त्रात एखादा ध्वनी अर्थभेदक आहे की नाही हे पाहण्यासाठी त्याच्या जागी दुसरा ध्वनी घालून पाहतात. अर्थ पालटला तर तो ध्वनी भाषेच्या रचनेचा घटक मानला जातो. कर्ज काढून दर्शनी भागाला काच आणि छताला दिवे लावू पाहणाऱ्या लहान दुकानदाराने हीच कसोटी वापरावी. ही वस्तू काढली किंवा बदलली, तर गिऱ्हाइकाचे येणे, थांबणे, निवडणे, पैसे देणे यांपैकी काही पालटेल काय? पालटत असेल, तर तो खर्च भांडवलात धरावा. पालटत नसेल, तर ती सजावट होय. आणि सजावटीसाठी कर्ज काढू नये.