मिसळण्याचा खेळ आणि वाचकाचा संशय

रोजे कायवा यांनी १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात खेळांचे चार वर्ग कल्पिले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवंड. स्पर्धा व अनुकरण यांचा मेळ त्यांना स्वाभाविक वाटतो, कारण चढाओढ पाहणाऱ्यांपुढे होते आणि तिचेच नाट्य बनते. छद्मरूपाचा लपंडाव मात्र या मांडणीला अडचणीत आणतो. येथे अनुकरण हीच स्पर्धा असते. आणि ते जोवर कोणाच्या नजरेत भरत नाही, तोवरच यशस्वी असते.

'प्रॉप हंट' या संगणकीय खेळात लपणारा कशाच्याही आड जात नाही. तो खुर्ची होतो, बादली होतो. त्याचे कौशल्य केवळ रूपसाम्यात नाही, तर स्थाननिवडीत आहे. नळाजवळची बादली दिसूनही खटकत नाही. छपरावरची तत्काळ खटकते. म्हणून शोधणाराही वस्तू शोधत नाही, तो वस्तू आणि परिसर यांच्या संबंधातील विसंगती शोधतो.

ही युक्ती आपल्याला अपरिचित नाही. प्रस्तुत लेखकाच्या बालपणी मलकापुरात डबा ऐसपैस खेळताना मुले सदरे बदलून बाही तेवढी भिंतीबाहेर ठेवीत. राज्य असलेल्याने सदऱ्यावरून नाव घेतले की तो फसे आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच येई. याउलट बहुरूप्याचे सोंग. तो पोलीस होऊन दारात दरडावतो खरा, पण शेवटी ओळखला गेला नाही तर त्याला बिदागी कोण देणार? बहुरूप्याचे अनुकरण ओळखीत पूर्ण होते, लपणाऱ्याचे ओळखीने संपते. कायवांच्या एकाच संज्ञेत या दोन परस्परविरोधी प्रेरणा कोंबल्या गेल्या आहेत.

समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो शोधणाऱ्यावरील निर्बंध. 'प्रॉप हंट'मध्ये खऱ्याखुऱ्या वस्तूवर गोळी झाडली तर झाडणाऱ्याचीच जीवनशक्ती घटते. सरसकट संशय घेणारा स्वतःच्याच संशयाने मरतो. उम्बेर्तो एको यांनी १९९० साली केंब्रिज येथील व्याख्यानांत अतिरिक्त अर्थनिर्णयनाला मर्यादा घालण्यासाठी 'संहितेचा हेतू' पुढे केला होता. तोच विवेक या खेळाने नियमाच्या रूपात बांधला आहे.

आपल्या विद्यापीठीय अभ्यासात कवितेतील प्रत्येक झाड प्रतीक ठरते, प्रत्येक मौन दडपशाही ठरते. चुकीच्या नेमाची किंमत संशोधकाला मोजावी लागत नाही. ती कविता मोजते, आणि तिच्यापासून दुरावलेला विद्यार्थी मोजतो. संशय सोडावा असे येथे म्हणायचे नाही. तसे केल्यास लपलेला कधीच सापडणार नाही. परंतु 'याखाली काय दडले आहे?' या प्रश्नाआधी 'हे येथे खटकते का?' हा प्रश्न विचारला पाहिजे. काही बादल्या केवळ बादल्या असतात, हे मान्य करणाऱ्या वाचकालाच बादली झालेला गडी ओळखता येतो.